भोवळ कानाची, उपचार मानेवर

‘चक्कर येते’ एवढीच तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांपुढे बसला की आपल्याकडे तीन उत्तरे ठरलेली असतात. पित्त, रक्तदाब किंवा मानेचा मणका. मग कुणाला अॅसिडिटीच्या गोळ्या मिळतात, तर कुणाच्या गळ्यात पट्टा येतो. ती भोवळ कानातून येत असेल, ही शक्यता फारच उशिरा पुढे येते. मेनिएर विकाराच्या बाबतीत हा उशीर महागात पडतो, कारण भोवळीबरोबर ऐकण्याची शक्तीही हळूहळू जात असते.

ही चूक नवी नाही. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली असे झटके मेंदूतून नव्हे, तर अंतर्कर्णातून येतात असे मांडले. तोवर डोक्यात रक्त साचल्यामुळे भोवळ येते अशी समजूत होती आणि त्यावर चक्क रक्त काढण्याचा उपाय केला जाई. मेनिएर पुढच्याच वर्षी निवर्तले. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी मृत रुग्णांच्या कानाच्या हाडांची तपासणी केली, तेव्हा अंतर्कर्णातील द्रवाची पोकळी फुगलेली आढळली. त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनाही तेच दिसले. जिवंत रुग्णाच्या कानातील ही फुगवटी एमआरआयवर प्रत्यक्ष पाहण्यासाठी मात्र २००७ साल उजाडावे लागले. ते काम नागोया येथील नाकाशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

पण फुगवटी दिसली म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. कसलाही त्रास नसलेल्या काही जणांच्या कानातही ती आढळते. म्हणजे ती रोगाचे मूळ आहे की रोगाची खूण, हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांनंतरही खुलाच आहे.

उपचारांच्या संशोधनाने तर अधिकच अडचणीत टाकले आहे. भारतात भोवळीवर सर्रास लिहून दिली जाणारी गोळी म्हणजे बीटाहिस्टीन. जर्मनीत २२१ मेनिएर रुग्णांवर नऊ महिने तिची चाचणी झाली. एका गटाला कमी मात्रा, दुसऱ्याला जास्त मात्रा आणि तिसऱ्याला औषधाचा अंश नसलेली गोळी देण्यात आली. २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तिन्ही गटांतील झटके सारखेच कमी झाल्याचे दिसले. याचा अर्थ गोळी घेणाऱ्यांना बरे वाटले हे खोटे, असा नाही. या विकाराची चालच अशी की झटक्यांचा भर येतो आणि ओसरतो. रुग्ण भर असताना डॉक्टरांकडे जातो आणि ओसरल्याचे श्रेय शेवटच्या औषधाला देतो. मंत्र, काढा, पट्टा आणि गोळी या सर्वांना गुण येण्याचे हे एक रहस्य!

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लंडन आणि लेस्टर येथील ६० रुग्णांवरील चाचणी आली. पडद्यामागे, मध्यकर्णात, जेंटामायसिनचे इंजेक्शन दिलेल्यांचे झटके दोन वर्षांअखेर ८७ टक्क्यांनी, तर स्टिरॉइड दिलेल्यांचे ९० टक्क्यांनी घटले. जेंटामायसिन कानातील तोलाच्या पेशीच मारते आणि ऐकण्यालाही धोका पोहोचवू शकते. म्हणून स्टिरॉइड त्याच्या तोडीचे ठरले ही मोठीच गोष्ट. मात्र या चाचणीत निव्वळ पाण्याचे इंजेक्शन दिलेला गट नव्हता आणि जर्मनीतील अनुभव पाहता ही उणीव लहान म्हणता येत नाही.

मग रुग्णाच्या हाती आज काय आहे? माझ्या मते, औषधापेक्षा आधी अचूक निदान. २०१५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार २० मिनिटे ते १२ तास टिकणारे भोवळीचे किमान दोन झटके, कानात आवाज येणे, दडा बसणे किंवा ऐकू येण्यात चढउतार, आणि त्या कानाला खालच्या पट्टीतील आवाज कमी ऐकू येत असल्याची ऑडिओमेट्रीची नोंद, एवढ्या गोष्टी जुळाव्या लागतात. कूस बदलताना काही सेकंद गरगरते तो विकार वेगळाच असतो. त्यात कानातील सूक्ष्म खडे जागचे हलतात आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून बहुधा काही मिनिटांत ते जागेवर आणता येतात. किती वेळ गरगरले, एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी निम्मी वाट सरते.

उरलेली वाट मात्र रस्त्याने काटावी लागते. नागेश्वराचे मंदिर आणि झुलता पूल यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भोर तालुक्यातील आंबवड्याहून पुण्यातील ससूनला जायचे, तर भोर, कापूरहोळ आणि मग सातारा रस्ता. पायाखालची जमीन फिरत असताना सोबतीला माणूस घेऊन, मजुरीचा दिवस बुडवून ही वारी करायची. त्यात ऐकू येणे आज कमी तर उद्या बरे, अशी या रोगाची तऱ्हा. तपासणीच्या दिवशी कान नेमका बरा असला तर नोंदीत काहीच सापडत नाही आणि पुन्हा यावे लागते. झटका ताजा असताना जवळच्या सरकारी रुग्णालयात ऑडिओमेट्री झाली, तर तिचे मोल पुण्यातल्या महिनाभरानंतरच्या तपासणीहून अधिक आहे. केंद्राचा बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याने भोवळीच्या रुग्णालाही आपल्या कक्षेत घ्यायला हवे.

कायद्याच्या कक्षेत तर हा रुग्ण सहसा बसतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कर्णदोषाची मोजणी दोन्ही कानांवरून होते. दोन्हीकडे किमान ६० डेसिबलची हानी हवी. मेनिएर बहुधा एकाच कानाला धरतो आणि अवचित येणाऱ्या भोवळीचे मोजमाप तर या व्याख्येत नाहीच. गवंडी, वीजतंत्री, एसटीचा चालक किंवा विहिरीच्या काठावर मोटार चालू करणारा शेतकरी यांना एका झटक्याने कामावरून उठावे लागते, पण कागदोपत्री ते धडधाकट राहतात.