जादूगाराचं बारसं

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीने फक्त एका अनुस्वाराचा फरक ठेवला आहे. दुसऱ्या कामात माझा हात कुणी धरणार नाही. पहिलं मात्र जन्मात कधी वाट्याला आलं नाही. आमच्या घरात तो मान आत्यांचा. माझ्या मुलाच्या वेळी मी सतरा नावांची यादी केली होती. आमच्या भगिनीने ती वाचलीसुद्धा नाही. पाळण्यात वाकून तिने 'कुर्रर्र' केलं आणि आपल्याला हवं ते नाव ठेवून मोकळी झाली.

म्हणून परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या जादूगाराला नाव ठेवा," तेव्हा मला भरून आलं.

हा जादूगार एका खेळातला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं नाव. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. थोडक्यात, कीर्तन आणि सारीपाट यांचा आंतरजातीय विवाह. नातवाच्या कंपूत एक गडी कमी पडला, म्हणून माझी वर्णी लागली.

बाकीच्या जादूगारांची नावं आधीच ठरली होती. एक झॅर्थॅक्झिलॉन, दुसरा मॉर्ग्रॅथझूल आणि तिसरा क्वेल'थॉर्न. या तिसऱ्याच्या पोटात एक चिन्ह होतं.

"याचा उच्चार काय?"

"तिथे जरा थांबायचं, आजोबा."

आमच्याकडे असं मधेच थांबणाऱ्याला पाणी देतात.

मी माझं नाव सांगितलं, "धोंडो."

चौघंही खो खो हसले. नातू डोळे पुसत म्हणाला, "आजोबा, हे जादूगाराचं नाव वाटत नाही!"

वाचकहो, माझं भांडण त्या हसण्याशी नाही. या वाक्याशी आहे. उच्चारता येत नाही ते भारदस्त आणि आपल्या अंगणात हाक मारता येते ते हास्यास्पद, हे या पोरांना शिकवलं कुणी?

थोरांची उदाहरणं घ्या. टोल्कीनचा गँडाल्फ हा जगातल्या जादूगारांचा कुलगुरू. हे नाव टोल्कीनने जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललं. अर्थ साधारण 'काठीवाला यक्ष'. पहिल्या खर्ड्यात तर ते एका बुटक्याला दिलं होतं आणि जादूगाराचं नाव होतं ब्लॅडॉर्थिन. नंतर लेखकाला सुबुद्धी झाली. डम्बलडोर म्हणजे जुन्या इंग्रजी बोलीत भुंगा. म्हणजे अख्ख्या जगातली मुलं ज्यांच्यासाठी रडली, ते आपल्या भाषेत भुंगेमास्तर!

खुद्द या खेळाच्या घरात काय चालायचं? गायगॅक्सच्या मुलाचा एक जादूगार होता. त्याच्या कागदावर लिंग 'एम' आणि जात 'एल्फ' असं लिहिलेलं होतं. झालं, त्याचं नाव मेल्फ! आपल्याकडे रेशनकार्डावरचं 'पु., वय 60' वाचून एखाद्याला 'पुवय' म्हणावं तसंच हे. दुसरा जादूगार ड्रॉमिज. जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव उलटं वाचलं की तो होतो. आमचा वसंता उलटा केला तर 'तासंव' होतो. त्याला मात्र हे हसतील.

आपल्याकडे तरी काय कमी आहे? मायावी युद्धात ज्याचा हात धरणारा नव्हता, त्या घटोत्कचाचं नाव घटासारख्या तुळतुळीत डोक्यावरून पडलं. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण घ्या. नावात अक्षरं दोन, पण एकदा ऐकलेलं पोर म्हातारं झालं तरी विसरत नाही. नाव हे हाक मारण्यासाठी असतं. कोरून ठेवायला शिळा वेगळ्या मिळतात.

"ते ठीक आहे," नातू म्हणाला, "पण धोंडो म्हणजे बँकेतला कारकून वाटतो. त्यात पॉवर नाही."

आता मात्र मी फासा खाली ठेवला.

"तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

त्याला ठाऊक नव्हतं. चूक त्याची नाही, मीच कधी सांगितलं नव्हतं.

"धोंडो. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली. एकही वर्षाचं झालं नाही. चौथा मुलगा झाला तेव्हा त्यांच्या आईने त्याला देवाचं, राजाचं नाव ठेवलं नाही. धोंडा म्हणाली. म्हणजे मृत्यू दाराशी आला तर त्याला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही, एक दगड पडलाय. दगडू, भिकू, धोंडू ही सगळी नावं अशीच. तुमचे मंत्र कागदावरचे. हा मंत्र एका बाईने खऱ्या मरणावर टाकला होता. तिच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं."

"मग?" मॉर्ग्रॅथझूलने विचारलं. त्याचा आवाज एकदम बारा वर्षांचा झाला होता.

"मग काय! पंच्याऐंशी वर्षं जगले. बँकेतच होते."

कुणी हसलं नाही. नातवाने माझा कागद ओढला आणि वरच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : धोंडो. धोंड्याला मात्रा नीट दिली आहे की नाही, तेवढं मी पाहून घेतलं.

खेळ सुरू झाला. या खेळात सुरुवातीला सगळ्यांत कमी जीव जादूगाराचा असतो, हे मला नंतर कळलं. तासाभरात ड्रॅगन आला. झॅर्थॅक्झिलॉन पुढे उभा होता. "ए झॅर्थ... झॅक्झ..." करत आम्ही हाक पुरी करेपर्यंत तो भाजून निघाला. पाठोपाठ बाकीचे दोघे गेले. क्वेल'थॉर्न तर मधे थांबला तिथेच गेला.

धोंडो वाचला. ड्रॅगनला वाटलं, दगड असेल.