जुना काळ विकू नका, वाचवलेला वेळ विका



ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून नवीन बिझनेसच्या ज्या कल्पना माझ्याकडे येतात, त्यात हल्ली एक शब्द सारखा दिसतो, ‘पूर्वीसारखं’. पूर्वीसारखं घाण्याचं तेल, चुलीवरचं जेवण, जात्यावरचं पीठ, पाट्यावरची चटणी. दुकानाला शेणाने सारवल्यासारखा रंग, भिंतीवर कंदील, दारात बैलगाडीचं चाक. आणि या सगळ्यासाठी नोकरीतून साठवलेले तीन-चार लाख रुपये तयार.

पैसे घालायच्या आधी एक प्रश्न विचारा. ‘पूर्वी’ म्हणजे नक्की काय होतं, आणि ते कोण करत होतं?

शंभर वर्षांपूर्वीचा दिवस

आपल्या भागाला रेल्वे फार लवकर मिळाली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, रूळ कल्याणला पोचले. पण रेल्वे आली म्हणजे लगेच शहर झालं असं नाही. १९०१च्या जनगणनेत ठाण्यात १६ हजार माणसं होती आणि कल्याणात १०,७४९. आज तेवढी माणसं घोडबंदर रोडवरच्या काही मोठ्या सोसायट्यांत मिळून राहतात. २०११ला ठाणे शहर १८ लाखांवर होतं आणि कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर. विजेवर चालणारी पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला सुटली, तीसुद्धा कुर्ल्यापर्यंतच. आपल्याकडे अजून कोळशाच्या इंजिनाचा धूर होता. डोंबिवली तर स्टेशनजवळचं लहानसं गाव. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जिथे आज पाय ठेवायला जागा नसते, तिथल्या गणेश मंदिराची स्थापना १९२४ची.

आता त्या काळातल्या एखाद्या साध्या घरात शिरू. पहाटे जात्यावर दळण. मग विहिरीचं किंवा तळ्याचं पाणी भरायचं. भात उखळात कांडून तांदूळ काढायचे, पाखडायचे, निवडायचे. चूल फुंकायची. रॉकेलच्या दिव्याची काच पुसायची. मसाला कुटायचा, पापड लाटायचे, गोधड्या शिवायच्या. म्हाताऱ्यांचं, बाळंतिणीचं, आजाऱ्याचं सगळं घरातच.

शुद्ध होतं का? बरंच होतं. स्वस्त होतं का? इथेच आपली गफलत होते. ते स्वस्त दिसायचं, कारण घरातल्या बायकांचा वेळ हिशेबात धरलेलाच नव्हता. धान्याचे पैसे मोजले जायचे, दोन तास जातं ओढणाऱ्या हातांचे नाही.

आणि मित्रांनो, गेल्या शंभर वर्षांत आपल्या शहरांत जे धंदे उभे राहिले, त्यातले कितीतरी याच कामांतून आले. जातं बंद झालं आणि पिठाची गिरणी चालली. उखळ कोपऱ्यात गेलं आणि भाताच्या गिरण्या चालल्या. शिवण घराबाहेर गेलं आणि टेलर आला. गिऱ्हाईक जुनं काम सोडायला पैसे देत होतं. जुन्या वातावरणासाठी कोणी पैसे देत नव्हतं.

विकोने काय केलं?

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. पूर्वी दात घासायला राखुंडी, मीठ, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी. औषधी दंतमंजन हवं असेल तर वनस्पती आणायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली आणि हे सगळं काम स्वतःकडे घेतलं. गिऱ्हाईकाने फक्त डबी उघडायची. पुढे डोंबिवलीत त्यांचा कारखाना आला, आणि डोंबिवलीचं पेंढरकर कॉलेज त्यांच्याच नावाचं.

त्यांनी ज्ञान जुनंच ठेवलं आणि कष्ट काढून टाकले. पुढे तेच ज्ञान ट्यूबमध्येही घातलं, कारण लोकांची सवय बदलली होती. ‘आमच्याकडे पूर्वीसारखंच मंजन कुटून मिळेल’ एवढ्यावर ते थांबले असते, तर एखाद्या गल्लीपुरते राहिले असते.

मग घाण्याचं तेल विकूच नये का? जरूर विका. पण गिऱ्हाईक ते आठवणीसाठी घेतंय की रोजच्या फोडणीसाठी, हे आधी तपासा. पहिली बाटली कौतुकाने जाते. चौथ्या महिन्यात तोच माणूस न सांगता परत आला, तर धंदा आहे. तोपर्यंत भाड्याच्या गाळ्याचं डिपॉझिट भरू नका. कंदील आणि बैलगाडीचं चाक तर मुळीच घेऊ नका.

आज वेळ कुठे कमी पडतोय?

संध्याकाळी साडेसहानंतरच्या कल्याण लोकलमध्ये बायकांच्या डब्यात बघा. मटार सोलले जातायत, मेथी निवडली जातेय, गवार मोडली जातेय. आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं मार्केट रिसर्च त्या डब्यात आहे आणि ते फुकट आहे. ज्या बाईला घरी पोचायला आठ वाजणार आहेत, ती गाडीतच स्वयंपाक सुरू करते. तिला निवडलेली, धुतलेली भाजी, सोललेला लसूण, भिजवलेली मोडाची कडधान्यं स्टेशनबाहेर रोज त्याच वेळेला, त्याच दर्जाची मिळाली, तर ती तुमच्या दुकानाची सजावट बघणार नाही. डोंबिवलीत एवढी पोळी-भाजी केंद्रं चालतात, ती याच कारणाने.

दुसरी जागा म्हणजे घरातली म्हातारी माणसं. शंभर वर्षांपूर्वी आजोबांना वैद्याकडे न्यायला घरात कोणीतरी असायचंच. आज मुलगा पुण्याला किंवा परदेशात, सून ऑफिसला, आणि आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरकडे सोबत, बँकेत सोबत, औषधं आणून देणं, आठवड्यातून दोनदा जाऊन चौकशी. या कामाला दुकान लागत नाही, विश्वास लागतो. आणि तुम्ही त्याच भागात राहत असाल, तर तो विश्वास बाहेरून आलेल्या मोठ्या कंपनीपेक्षा तुमच्यावर लवकर बसतो.

जुन्या धंद्यांकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्या. दुधाचा, फुलांचा रतीब. आज सगळे ‘सबस्क्रिप्शन मॉडेल’ म्हणून शिकवतात, ते आपल्याकडे कधीपासूनच आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणीला आपली गिऱ्हाइकं माहीत असायची. कोणाकडे कधी उपास, कोणाला बोंबील आवडतात, हे ती वहीत न लिहिता सांगायची. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पन्नास रतीबाची घरं असतील, तर रोज सकाळी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं

शंभर वर्षांपूर्वीची एक सवय अजून आपल्या घरांतून गेलेली नाही. घरच्या माणसाचे तास फुकट धरण्याची. घरून फूड बिझनेस करणाऱ्या कितीतरी ताई आजही हेच करतात.

हिशेब करून बघा. समजा, तुम्ही रोज २०० पोळ्या १० रुपयांना एक अशा विकता. आले २,००० रुपये. पीठ, तेल, गॅस, पिशव्या मिळून गेले ९००. उरले १,१००. वाटतं, मस्त चाललंय. आता तास मोजा. मळणं, लाटणं, भाजणं, आवरणं, तुमचे ६ तास. सासूबाईंचे ४ तास. झाले १०. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि तासाला १०० रुपये देऊन बाई ठेवली, तर १,००० रुपये तिचे. धंद्याला उरले १००. त्यातून पोळ्या पोचवायचा खर्च अजून काढलेलाच नाही.

म्हणजे हा धंदा नफ्यावर चालत नव्हता. तुम्ही आणि सासूबाई स्वतःची मजुरी नफा समजत होतात. अशा धंद्यात कधी माणूस ठेवता येत नाही, म्हणून तो कधी वाढत नाही, आणि एक दिवस पाठ दुखायला लागली की बंद पडतो. साठवलेले पैसे जातात आणि घरात ऐकावं लागतं, ‘सांगितलं होतं ना!’

याच्या उलट लिज्जत पापड बघा. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पापड लाटणं हे घरोघरी फुकटात होणारं काम. पण तिथे जी बहीण जेवढे किलो पापड लाटेल, तेवढी तिची लाटण्याची मजुरी आधी ठरलेली. हाताचे पैसे पहिल्यापासून किमतीत धरले, म्हणून एका गच्चीवरचं काम हजारो घरांत गेलं.

तेव्हा या रविवारी एवढं करा. एका कागदावर तुमच्या पणजीची दिवसभरातली कामं लिहा. त्यातली कोणती आजही घरात उरली आहेत, त्यावर खूण करा. तुमच्या बिल्डिंगमधल्या दहा घरांना विचारा, यातलं कोणतं काम दुसऱ्याने केलं तर पैसे द्याल, आणि किती? मग त्या किमतीत स्वतःचे तास घालून बघा. जमत असेल तरच पुढे जा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल, तर पहिल्या विक्रीच्या आधी अन्न परवान्याची नोंदणी करा.

आणि किंमत सांगताना लाजू नका. पणजीला तिच्या तासांचे पैसे कोणी दिले नाहीत. तुम्ही तुमच्या तासांचे मागा. कागद भरून झाला की पुढचा व्हिडिओ बघा, त्यात किंमत ठरवण्याचा तक्ता एकत्र भरू.