नोव्हेंबर लागला की...

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्याच्या तळाशी शेवेचा चुरा उरला, की आमच्या घरात एक खूळ सुरू होतं. खूळ माझंच. पहाटे साडेपाचला मी नळाला पाणी यायची वाट बघते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर अमेरिकेतल्या मुलींच्या बास्केटबॉलचा स्कोअर बघते. तिकडे तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात, सामना नुकताच सुरू झालेला असतो. आमचे हे म्हणतात, "हंडा भरून वाहतोय, आधी तो बघ!"

मैत्रिणींनो, मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच कबूल करते. आमच्या वेळी शाळेत मुलींना लंगडी आणि खो-खो, तेही आठवीपर्यंत. पुढे बी.ए., लग्न, मुलगी, बचत गट. 2016 च्या नोव्हेंबरात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत हार्टफर्डला गेले. खरं तर आई जायची होती, पण तिचे गुडघे गेलेले. म्हणून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा घेऊन मीच निघाले.

हार्टफर्ड हे कनेक्टिकट राज्यातलं विमा कंपन्यांचं शहर. त्या राज्यात पुरुषांचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. हॉकीचा होता, तो 1997 मध्ये गाव सोडून गेला. तेव्हा सगळं राज्य वेडं आहे ते कनेक्टिकट विद्यापीठाच्या, म्हणजे यूकॉनच्या संघांवर, आणि त्यातही मुलींच्या संघावर. जीनो ऑरिएमा नावाचे प्रशिक्षक 1985 मध्ये तिथे आले, आणि 2013 ते 2016 सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या मुलींनी घेतलं. बहिणीने सामन्याची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. नवव्या महिन्यात ती काय जाणार? तिच्या जागी मला नेलं.

सामना मला समजला नाही, पण माणसं समजली. हजारो लोक, आणि त्यात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आज्या! आपल्याकडे कीर्तनाला पुढे बसतात ना, तशा ठरलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या. एकेका मुलीला नावानिशी ओळखत होत्या. कोणाचा गुडघा दुखावला होता, कोण कुठल्या गावची, सगळं तोंडपाठ. माझ्या शेजारच्या आजींनी विचारलं, "तुमच्याकडे मुली खेळतात का हे?" मी जरा ताठ बसून सांगितलं, "माझी मुलगी खेळते." त्यांचा चेहरा उजळला. "कोणत्या जागेवर खेळते ती?"

मला सांगता येईना.

खेळते हेही खोटंच होतं. ती खेळत होती. 2015 च्या जूनमध्ये दहावी सुरू झाली आणि मी तिचा बास्केटबॉल बंद केला. चेंडू माळ्यावर गेला. शिकवणी, सराव परीक्षा, बोर्डाचं वर्ष, कोणाच्या घरी होत नाही असं? ती रडली नाही, म्हणून मला वाटलं तिलाही पटलं. त्या रात्री हार्टफर्डहून फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कोणत्या जागेवर खेळायचीस गं?" थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाली, "पॉइंट गार्ड होते. आई, तू माझी एक तरी मॅच बघितली होतीस का?"

नव्हती बघितली. चार वर्षांत एकही नाही. स्पर्धेला जाताना डबा मात्र भरून दिला होता.

तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या मुली बघते आहे. ऋण फेडते म्हणा, नाहीतर उशिराचं शहाणपण म्हणा. पण माझा पायगुण असा, की मी चाहती झाले आणि संघाला साडेसाती लागली. 2017 च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनाला हरवून सलग शंभरावा विजय मिळाला, तोवर मी तिथेच होते. मार्चमध्ये परतले. सलग 111 विजय झाल्यावर उपांत्य फेरीत मिसिसिपी स्टेटच्या मॉर्गन विल्यमने, पाच फूट पाच इंचांच्या मुलीने, जादा वेळेतल्या शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि यूकॉन 66-64 ने हरलं. आपल्याकडे एक एप्रिलची सकाळ होती. बहिणीचा फोन आला, "हरल्या." मला वाटलं एप्रिल फूल करतेय.

पुढचं विजेतेपद यायला 2025 उजाडावं लागलं. रामनवमीचा दिवस होता. सुंठवडा खाऊन सगळे झोपले आणि मी रात्री साडेबारापासून जागी. साउथ कॅरोलायनाला 82-59 हरवलं. त्या संघातली पेज बेकर्स आधी गुडघ्याच्या दुखापतीने अख्खा एक हंगाम बाहेर बसलेली, अॅझी फडचाही गुडघा 2023 मध्ये गेलेला. त्या विजयानंतर पेजला डॅलसच्या व्यावसायिक संघाने सगळ्यांत आधी निवडलं.

म्हणून नव्या हंगामात माझं एक मत ठाम असतं. नोव्हेंबरातल्या मोठमोठ्या विजयांवर भाळायचं नाही. तेव्हा दुबळे संघ येतात, चाळीस-पन्नास गुणांनी हरून जातात. ते मला लग्नाआधीच्या चहा-पोह्यांसारखं वाटतं, सगळंच गोड. मी बघते ती डिसेंबरातली हार. 2024 च्या डिसेंबरात माझा संघ दोनदा हरला, नोत्र दामकडून आणि सदर्न कॅलिफोर्नियाकडून, फेब्रुवारीत टेनेसीकडून पुन्हा. लोक म्हणाले, यंदाही नाही. एप्रिलमध्ये काय झालं ते वर सांगितलंच.

माझा दुसरा संघ व्यावसायिक मुलींचा, कनेक्टिकट सन. तो मे महिन्यात सुरू होतो, आमच्या पापड-कुरडयांच्या दिवसांत. 2003 मध्ये हा संघ ऑरलँडोहून आला तो मोहेगन या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मालकीचा म्हणून. अंतिम फेरीत चार वेळा पोचला, 2004, 2005, 2019 आणि 2022 मध्ये, आणि चारही वेळा हरला. 2025 मध्ये तर 44 पैकी 33 सामने गमावले आणि संघ विकायची बोलणी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. बहीण म्हणते, सोड त्यांना. मी का सोडू? हरणाऱ्याच्या बाजूला बसायलाही कोणीतरी लागतंच की.

तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नका. 2024 ची मुलींची कॉलेज अंतिम लढत तिकडे एक कोटी 85 लाखांहून जास्त लोकांनी बघितली, मुलांची त्याहून बरीच कमी जणांनी. त्या लढतीतली केटलिन क्लार्क व्यावसायिक झाली तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार 76 हजार डॉलरच्या आसपास, आणि त्याच वर्षी मुलांमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्याला कोटीहून जास्त. 2025 च्या जुलैत इंडियानापोलिसला या मुली आमचं देणं द्या असं छापलेले टी-शर्ट घालून मैदानात उतरल्या. ते वाचून मला आमच्या अंगणवाडी ताईंचे मोर्चे आठवले. पण एक फरक आहे. तिथल्या मुलींना बोलता येतं, कारण आधी माणसं बघायला येऊन बसली. सुरुवात त्या आज्यांपासून आहे, असं माझं मत. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याने अमुक करावं, शाळांनी तमुक करावं, हे आपण भाषणात म्हणतो. सामन्याला मात्र मुलीच्या आईसुद्धा नसतात. मी नव्हतेच ना.

गेल्या वर्षी शालेय स्पर्धा होत्या, तेव्हा बचत गटातल्या सहा जणींना घेऊन गेले. सिमेंटचं मैदान, एका रिंगला जाळी नाही, सावलीला एक बदामाचं झाड. निम्म्या जणींना वाटलं होतं, कर्जाच्या कागदांचं काहीतरी काम आहे. एका मुलीने येऊन विचारलं, "काकू, तुम्ही कोणाच्या आई?" म्हटलं, "इथल्या कोणाचीच नाही, मॅच बघायला आलोय." ती पळत जाऊन बाकीच्यांना सांगून आली आणि सगळ्या वळून आमच्याकडे बघायला लागल्या.

सामना हरल्या त्या, बारा गुणांनी. पण पाच नंबरची एक काटकुळी पोर चेंडू घेऊन अशी निसटायची की आमच्या शेवंताबाई उभ्या राहून ओरडल्या. मध्यंतरात मी तिच्यापाशी गेले आणि आधी विचारून घेतलं, "बाळ, तू कोणत्या जागेवर खेळतेस?"