डंप म्हणजे नवी पोथी : सीसीआयईच्या बूटकॅम्पचे पैसे भरण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला. नेटवर्किंगमध्ये चार वर्षे नोकरी, तीही कंत्राटी. आई बचत गटातून दीड लाखाचे कर्ज उचलायला निघाली होती. सही करण्याआधी आपल्या माणसांना एकदा विचारून घेऊ, असे तिला वाटले, म्हणून ती आली. पैसे कशासाठी? सीसीआयईच्या बूटकॅम्पसाठी. बारा दिवसांचा कोर्स, राहणे-खाणे धरून, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'पास गॅरंटी'. आम्ही विचारले, ही गॅरंटी हे लोक कशाच्या जोरावर देतात? मुलगा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "सर, परीक्षेत येते तीच लॅब पाठ करून घेतात."

या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागतो आहे.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीसीआयई ही सिस्को कंपनीची १९९३ पासून चालत आलेली परीक्षा, नेटवर्किंगमधली सर्वात अवघड समजली जाणारी. आधी दोन तासांची कोअर परीक्षा, मग तीन वर्षांच्या आत आठ तासांची लॅब. लॅबचे पहिले तीन तास फक्त डिझाइनचे : उपकरणाला हात लावायचा नाही, ई-मेल, आराखडे, कागदपत्रे वाचायची आणि निर्णय द्यायचे, मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. पुढचे पाच तास प्रत्यक्ष नेटवर्क उभारायचे, चालवायचे, बिघाड शोधायचे. २०२० मध्ये नवी रचना आली तेव्हा कोअरची फी ४०० डॉलर आणि लॅबच्या एका प्रयत्नाची १६०० डॉलर होती. नापास झालात तर फी पुन्हा भरा. आपल्याकडच्या मुलांना लॅबसाठी बंगळुरू गाठावे लागते, तो खर्च वेगळा.

आता कुणी म्हणेल, आंबेडकरी चळवळीने सिस्कोच्या परीक्षांची चर्चा कशाला करायची? का करू नये? संविधानाच्या कलम १६(४) चे संरक्षण सरकारी नोकरीपर्यंत. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या, कंत्राटी होत चालल्या, आणि खासगी क्षेत्राच्या दारात आरक्षण थांबते. तिथे ओळख चालते, आडनाव चालते, कॉलेजचे नाव चालते. आमच्या पोरांकडे यातले काहीच नसते. सीसीआयईच्या लॅबमध्ये मात्र तपासले जाते ते तुम्ही बांधलेले नेटवर्क. राउटर आडनाव विचारत नाही. म्हणून या परीक्षेची आम्हाला किंमत वाटते. पण लगेच गुणवत्तेचे प्रवचन झोडणाऱ्यांनी खूश होऊ नये. लॅबच्या टेबलावर जात नसेल, टेबलापर्यंतच्या वाटेवर ती पावलोपावली आहे. एकाचा बाप मुलाला लॅपटॉप, वेगळी खोली आणि दोन वर्षे सवड देतो. दुसऱ्याची आई बचत गटाच्या वहीवर अंगठा टेकवते. ही वाट झाकून फक्त टेबल दाखवायचे, याला ते 'मेरिट' म्हणतात.

आणि नेमक्या याच वाटेवर दलाल बसलेले आहेत.

डंप म्हणजे काय, तर आधी परीक्षा देऊन आलेल्यांकडून प्रश्न चोरून बाहेर काढायचे, उत्तरे तयार करायची आणि विकायची. बूटकॅम्पच्या नावाखाली त्याची घोकंपट्टी. कोणती कमांड कोणत्या राउटरवर, कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ. का, हे विचारायचे नाही. अर्थ विचारू नका, म्हणा! हे आम्ही कुठेतरी ऐकलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान एका घरात कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेने बाकीच्यांना हेच दिले : मंत्र आमचा, दक्षिणा तुमची. आज सोवळ्याच्या जागी टाय आला आणि दक्षिणा दीड लाखावर गेली, एवढाच फरक.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते मित्र इथे आमच्यावर उखडतात. त्यांचे म्हणणे, "प्रस्थापितांची पोरं हेच डंप वापरून परदेशात पोचली. आपणच का हरिश्चंद्र व्हायचं? शिक्का मिळतोय ना, मिळवा!" या म्हणण्यात राग आहे आणि तो खरा आहे, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. पण मित्रांनो, हिशेब चुकतो आहे.

त्या मुलाला आम्ही एकच प्रश्न विचारला. बीजीपीचा शेजारी 'ॲक्टिव्ह' दाखवतोय, काय समजायचे? तो म्हणाला, "ॲक्टिव्ह म्हणजे चालू आहे." नाही! ॲक्टिव्ह म्हणजे जोडणी अजून झालेलीच नाही, राउटर ती जोडण्याची धडपड करतो आहे. जुळल्यावर 'एस्टॅब्लिश्ड' दिसते. ॲक्टिव्हवर अडकले की आधी बघायचे, शेजाऱ्याच्या पत्त्यापर्यंत रस्ता आहे का, टीसीपीचे १७९ क्रमांकाचे पोर्ट वाटेत कुणी अडवले आहे का, लूपबॅकवरून शेजार जोडला असेल तर अपडेट-सोर्स दिला आहे का. चार वर्षे नोकरी केलेल्या मुलाला हे येत नाही, कारण चार वर्षे त्याला रात्रपाळीत फक्त तिकिटे पुढे सरकवायला ठेवले. दोष त्याचा नाही. पण बारा दिवसांच्या घोकंपट्टीने हे येणार आहे का? शिक्का घेऊन तो मुलाखतीला बसेल आणि दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडेल. डंप वापरल्याचे सिद्ध झाले तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करते, पुढच्या परीक्षांना बंदी घालू शकते. आणि पकडले गेल्यावर काय होते? त्यांचा मुलगा पकडला गेला तर तो एक मुलगा असतो. आमचा पकडला गेला तर 'हे लोक असेच' असे होते, आणि त्याच्यामागून प्रामाणिकपणे आलेल्या दहा जणांच्या अर्जांवर संशयाची नजर पडते. हा दंड आम्हाला दुप्पट भरावा लागतो. अन्याय्य आहे, पण आहे.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. पैसे साठवून, उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. डीएससीचा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला, तो त्यांनी पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली. लॅबमध्ये पहिल्या फटक्यात न जमलेल्या पोराला आम्ही हीच गोष्ट सांगतो.

मग बूटकॅम्प घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण शेवटी. बूटकॅम्प म्हणजे कुस्तीच्या आधीचा शेवटचा सराव. ज्याने आखाडाच पाहिला नाही त्याला तो काय कामाचा? आधी कोअर परीक्षा स्वतःच्या अभ्यासाने द्यावी. तिच्याबरोबर एक विषयनिहाय परीक्षा दिली की सीसीएनपी हातात पडते, म्हणजे घराला मधल्या टप्प्यावर पगारवाढीची आशा राहते. सरावासाठी सिस्कोचे सीएमएल वर्षाला सुमारे दोनशे डॉलरला मिळते, उपकरणांची सॉफ्टवेअर त्यात रीतसर येतात. ईव्ह-एनजीची एक आवृत्ती तर फुकट आहे. काही शे तास हात चालल्याशिवाय बूटकॅम्पवाल्याला फोनसुद्धा करू नका.

फोन केलात की मात्र निर्लज्जपणे विचारा. शिकवणाऱ्याचा स्वतःचा सीसीआयई क्रमांक काय आणि प्रमाणपत्र आज चालू आहे का? प्रत्येकाला स्वतंत्र लॅब मिळणार की चौघांत एक? पूर्ण आठ तासांच्या सराव लॅब किती, आणि तपासून चुका समजावून कोण सांगणार? डिझाइनच्या तीन तासांची तयारी करून घेता का? हा शेवटचा प्रश्न मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी जीवघेणा आहे, कारण तिथे पानेच्या पाने इंग्रजी भराभर वाचून निर्णय द्यावा लागतो आणि आमची हुशार पोरे तिथे वेळेत मार खातात. 'पास गॅरंटी' असेल तर ती लेखी मागा आणि बारीक अक्षरे वाचा. बहुतेक वेळा अर्थ एवढाच निघतो की नापास झालात तर वर्गात पुन्हा फुकट बसा. परीक्षेची फी तुमचीच. आणि जो म्हणेल की "खरी लॅब आमच्याकडे आहे", त्याचा फोन तिथेच ठेवा.

त्या आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मग हे गॅरंटीवाले नापास झाल्यावर पैसे परत देतात का?" मुलाने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिले. तसे कुठेच लिहिलेले नव्हते. कर्जाचा अर्ज तिने मागे घेतला.

१४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेला जेवढे भाडे जाते, तेवढ्यात चौसष्ट जीबी रॅमचा एक जुना सर्व्हर येतो. हे लिहिले की आमच्यावर टीका होणार, होऊ द्या. सर्व्हर आता विहाराच्या मागच्या खोलीत बसवला आहे, दर रविवारी सकाळी दहाला पाच जण बसतात, तो मुलगाही. सध्या बीजीपीच चालू आहे. डिझाइनच्या उताऱ्यांसाठी इंग्रजी शिकवणारी एक बाई हवी आहे, आणि सीसीआयई झालेल्या आपल्या माणसांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. जयभीम.