बंदराचे उत्पन्न, किनाऱ्याचा वाटा

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पातील रोजगाराकडे अंधेरी-बोरिवलीच्या सुशिक्षित तरुणांचे डोळे लागणे स्वाभाविकच आहे. राष्ट्राच्या सागरी सामर्थ्यासाठी असे बंदर हवेच. मात्र ज्या मच्छिमारांच्या समुद्रात ते उभे राहणार, त्यांच्या पदरात काय पडणार?

या प्रकल्पात ७४ टक्के भागीदारी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची आहे. त्याचे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. परंतु तेथील भूमिपुत्रांच्या हाती साडेबारा टक्के विकसित भूखंडांची इरादापत्रे पडण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तोवर एक पिढी सरली होती.

२०२१ च्या कायद्याने प्रमुख बंदर प्राधिकरणांना शिक्षण, आरोग्य व कौशल्यविकासावर निधी खर्चण्याची मुभा दिली आहे. पण मुभा म्हणजे बंधन नव्हे. वाढवणच्या उत्पन्नातील निश्चित हिस्सा डहाणू-पालघरमधील प्रशिक्षण केंद्रे, शीतगृहे व स्थानिक उद्योगांसाठी राखून ठेवावा, त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. पहिले जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच हा करार व्हावा, असा आग्रह उपनगरवासीयांनीही धरला पाहिजे.