पाहुणा

गेल्या दिवाळीत मुरुडच्या घरी मी एक मोठे शहाणपण केले. काकूंची विळी लपवून ठेवली!

काकूंचे वय ऐंशी. डॉक्टरांनी आल्झायमरचे निदान केलेले. चहा पिऊन पाच मिनिटे होत नाहीत तो "चहा झाला का रे?" म्हणून विचारतात. तेव्हा विळी मी लपवली, वाती वहिनींनी वळल्या, अंगणातला सडा मोलकरणीने घातला आणि काकूंना आम्ही झोपाळ्यावर बसवले. दोन दिवस त्या मुकाट्याने बसल्या. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाल्या, "मी इथे पाहुणी का रे? माझे घर कुठे आहे?"

मी मराठीचा मास्तर. पण मला उत्तर सुचले नाही.

जर्मन डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली या रोगाचे वर्णन केले. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र त्याची एक रीत आहे. कालपरवाचे आधी पुसले जाते. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे हातांना पुष्कळ दिवस आठवतात. नेमकी तीच आम्ही काढून घेतली होती!

धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच मुरुडात गेले. पुढे १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. स्वावलंबन म्हणजे बाईने मिळवते होणे, एवढेच मी वर्गात सांगत आलो. स्वतःची परडी स्वतः भरणे हेही स्वावलंबनच, हे वहिनींना माझ्याआधी कळले.

त्यांनी डब्यांवर ठळक अक्षरांत 'साखर', 'पोहे' असे लिहिले. प्रत्येक वस्तूची जागा कायम केली. काम सांगायचे ते एकेक: आधी "परडी घ्या", ती घेतल्यावर "फुले काढा". गॅस काकूंच्या हाती नाही. विळी आहे, पण वहिनी शेजारी बसलेल्या असतात. समुद्राकडच्या फाटकाला घंटा बांधली. दुर्गादेवीच्या देवळात काकू एकट्या जातात. वाटेवरच्या घरांना सांगून ठेवले आहे आणि बटव्यात नावपत्ता व फोन नंबर असतो. एकदा वाट चुकल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी आणून पोहोचवले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुन्हा जाऊ दिले. माझ्याने ते धैर्य झाले नसते.

यंदा गणपतीत गेलो, तेव्हा काकू ओटीवर वाती वळत होत्या. काही जाड, काही बारीक. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कोण हो आपण? बसा ना. चहा टाकायला सांगते."

माझे नाव त्या विसरल्या होत्या. पण घर त्यांचे होते. पाहुणा मी होतो.