बाजू घेणाऱ्यांची बाजू

खेळ पाहावा, बाजू घेऊ नये, असा उपदेश करणाऱ्यांची मुंबईत कधी टंचाई नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खरा रसिक तटस्थ असतो. चेंडू कुणी टाकला हे तो विचारत नाही, चांगला पडला एवढंच पाहतो. एकदा का संघाचा झेंडा खांद्यावर घेतला की माणूस आधी आंधळा होतो, मग उर्मट होतो आणि शेवटी दगड उचलतो. शिवाय ज्याने जन्मात बॅट धरली नाही त्याने 'आम्ही जिंकलो' म्हणून कॉलर ताठ करायची, हे तर हसण्यासारखंच.

या मंडळींकडे दाखले नाहीत असं नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळा प्रेक्षक मेले. इतकं लांब जायला नको असेल तर चर्चगेटला उतरावं. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचं कर्णधारपद रोहित शर्माकडून काढून हार्दिक पांड्याला दिलं गेलं, तेव्हा वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून, जरा नीट वागा, असं बजावावं लागलं. आणि तीन महिन्यांनी, विश्वचषक घेऊन भारतीय संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला तेव्हा तिथेच त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. बघा तुमचे चाहते, असं तटस्थवादी म्हणतात, आणि या दाखल्यांपुरतं त्यांना खोटं पाडता येत नाही.

पण निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी आंधळेपणाचा आरोप घेऊ. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने, आणि ती मुद्दाम भर पावसाळ्यात खेळली जाते. पिच ओलं, बाहेर गवत माजलेलं. जमिनीलगत मारलेला कव्हर ड्राइव्ह दहा-पंधरा पावलांवर गवतात रुतून बसतो. धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारावा लागतो, आणि उचलून मारला की डीपला कुणीतरी उभाच असतो. अशा पिचवर शिवाजी पार्क जिमखान्याचा पद्माकर शिवलकर डाव्या हाताने चेंडू सोडायला आला, की समोरच्या दादर युनियन क्लबच्या समर्थकाच्या पोटात गोळा यायचा. हा गोळाच त्याला बघायला लावतो. कुठला चेंडू हवेत थोडा जास्त राहिला, कुठला टप्प्यावर थांबला, कुठला सरळ आत शिरला, हे तो डोळ्यांत तेल घालून टिपतो, कारण पुढच्या चेंडूवर आपला माणूस जाणार आहे. तटस्थ माणसाने इतकी उस्तवार कशाला करावी? त्याचं काय जातंय? तो छत्री सावरत चहा पितो आणि संध्याकाळी 'दोन्ही संघ छान खेळले' म्हणत घरी जातो.

शिवलकरने प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदीच्या काळात जन्मल्यामुळे त्याला कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. पण सुनील गावसकरने 'आयडॉल्स' या पुस्तकासाठी जगभरातले एकतीस खेळाडू निवडले, तेव्हा त्यात शिवलकरला जागा दिली. गावसकर दादर युनियनचा. यावर कुणी म्हणेल की रणजीत दोघं मुंबईकडूनच खेळायचे, मग त्यात नवल काय? नवल हेच, की वर्षातला अर्धा वेळ एकमेकांना उखडायला बघणारी माणसं उरलेला अर्धा वेळ एका ड्रेसिंगरूममध्ये बसायची, आणि उखडण्याच्या खटपटीत जे कळलं ते तिथे उपयोगी पडायचं.

या दोन क्लबांची चुरस हा मुंबई क्रिकेटचा पाया होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. नावात दादर असलं तरी दादर युनियनचं मैदान माटुंग्यात. माधव मंत्रींची शिस्त, वासू परांजपेंचं नेतृत्व, पुढे गावसकर आणि दिलीप वेंगसरकर. पलीकडे शिवाजी पार्क जिमखाना: अजित वाडेकर, रमाकांत देसाई, शिवलकर, नंतर संदीप पाटील. दोन मैदानांत अंतर किती, तर मधले रेल्वेचे रूळ ओलांडून पायी जाण्याएवढं. त्या काळात या सामन्यांना अशी गर्दी व्हायची की आजच्या रणजी सामन्याने हेवा करावा. आणि १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये भारताने पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा कर्णधार शिवाजी पार्कचा होता आणि पदार्पणातच ७७४ धावा करणारा सलामीवीर दादर युनियनचा. रविवारच्या चिखलात झालेल्या या वैराने कुणाचं काय बिघडलं, हे तटस्थवाद्यांनी एकदा दाखवून द्यावं. मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, तो काय क्लबाक्लबांनी एकमेकांचं कौतुक करत बसून?

दुसरा आक्षेप उसन्या अभिमानाचा. बाजू योगायोगाने ठरते, मग तिचा एवढा तोरा कशाला? योगायोगाने ठरते हे अगदी कबूल. वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात इंजिनियर होण्याचे मनसुबे घेऊन शिकत होता. त्याच कॉलेजातल्या बाळू गुप्तेने त्याला बसमध्ये विचारलं, आमच्या संघाचा बारावा खेळाडू होतोस का? तीन रुपये मिळणार होते. भारताच्या एका कर्णधाराची वाट बसमध्ये, तीन रुपयांवर फुटली. गावसकरचं घर ताडदेवच्या चिखलवाडीत. तो दादर युनियनमध्ये कसा? तर माधव मंत्री त्याचे मामा. भाचा मामाच्या क्लबात गेला, बस्स. ज्यांनी खेळून नाव काढलं त्यांचीही बाजू जर बस आणि मामा ठरवत असतील, तर कट्ट्यावर बसणाऱ्याकडे सैद्धांतिक कारण मागणं हा शुद्ध आगाऊपणा झाला. माणूस ज्या गल्लीत राहतो, ज्या कॉलेजात त्याला कसाबसा प्रवेश मिळतो, तिथला होतो. पुढचं सगळं त्यानंतर येतं.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो गांधीजींच्या नावावर आहे. मुंबईतली सर्वांत गाजलेली चुरस धर्मावर उभी होती. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू असा तिरंगी सामना, १९१२ पासून मुस्लिमांसह चौरंगी, १९३७ पासून उरलेल्यांचा 'रेस्ट' संघ धरून पंचरंगी. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली आणि गांधीजींनी या जातीय सामन्यांना साफ नकार दिला. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली. तटस्थवादी इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. गांधीजींनी त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट सांगितली होती: कॉलेजाकॉलेजांतले, संस्थासंस्थांमधले सामने आपण समजू शकतो, धर्मांचे संघ कशासाठी हे मात्र आपल्याला कधी कळलं नाही. म्हणजे ज्यांना साक्षीला बोलावलं त्यांनीच रुईया आणि पोदारसारख्या कॉलेजांना मोकळीक दिलेली आहे!

हा फरक महत्त्वाचा. कॉलेज सुटतं, क्लब बदलता येतो, गल्ली सोडून माणूस डोंबिवलीला राहायला जातो. जन्माने चिकटलेला संघ सोडता येत नाही, आणि समोरच्याला त्यात येताही येत नाही. म्हणून पंचरंगी बंद झाली ते ठीकच झालं. तरी एक कबुली तटस्थवाद्यांनीही द्यावी. जिंकण्याच्या ईर्षेने त्या हिंदू संघालाच आरसा दाखवला. पळवणकर बाळू चांभार समाजातला. पण त्याच्याइतका फिरकीबाज दुसरा नव्हता, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी काढले. त्याला कर्णधारपद मात्र देववेना. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदूंचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला, जिंकलाही. संघ जिंकावा असं ज्यांना मनापासून वाटत होतं त्यांना सोवळं आणि करंडक यांतलं एक निवडावं लागलं. ज्याला कुणीही जिंकलं तरी चालतं, त्याच्यावर अशी पाळी येतच नाही. आणि १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटच्या नाबाद २५० नंतर 'रेस्ट'च्या विजय हजारेने ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या, तेव्हा ब्रेबॉर्नवर बहुसंख्य प्रेक्षक कुणाच्या बाजूचे होते हे सांगायला नकोच. हजारेचा संघ डावाने हरला. ती खेळी मात्र ऐंशी वर्षांनंतरही सांगितली जाते.

दंगलीचं काय? वानखेडेवरचीच पहिली दंगल घ्या. जानेवारी १९७५, नव्या कोऱ्या स्टेडियमवरची पहिली कसोटी, क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक. एक प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला धावत आत गेला, पोलिसांनी त्याला बदडलं आणि स्टँड पेटून उठले. खुर्च्या मोडणं वाईटच. पण ठिणगी कशाची होती? आपल्या गोलंदाजांना झोडपणाऱ्या पाहुण्या कर्णधाराला शाबासकी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर पडलेल्या काठीची. आणि कोलकात्यात, जिथे १९८० मध्ये सोळा जीव गेले, तिथे १८ ऑगस्ट २०२४ रोजी, आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर, सुरक्षेचं कारण देत तोच सामना रद्द झाला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक स्टेडियमबाहेर खांद्याला खांदा लावून उभे राहिले, मोहमेडन स्पोर्टिंगवालेही आले, आणि लाठ्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. शंभर वर्षं एकमेकांना शिव्या घालणाऱ्यांची ओळख इतकी पक्की असते की वेळ आली तर एका दिवसात जमता येतं. तटस्थांना आधी एकमेकांचे नंबर शोधावे लागले असते.

मग हार्दिकच्या वाट्याला आलेली हुर्यो? ती बाजू घेण्याचा अतिरेक नव्हती. तिथे बाजूच पुरती नव्हती. आयपीएलच्या संघाला शेजारी नसतो. चेन्नईचा समर्थक सकाळी परळच्या पुलावर भेटत नाही, संध्याकाळी कोपऱ्यावर चहा मागत नाही. ज्याच्याशी रोज वाद घालता येईल असा प्रतिस्पर्धी समोर नसला, की आवेश आपल्याच माणसावर उलटतो आणि तीन महिन्यांत विसरलाही जातो. दादर युनियनवाल्याला हे परवडलं नसतं, कारण सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर शिवाजी पार्कवाला बसलेला असायचा.

कॉलेजांच्या बाबतीत मुंबईने गंमतच केली आहे. रुईया (१९३७) आणि पोदार (१९४१) ही एकाच शिक्षण प्रसारक मंडळीची, माटुंग्यात एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात असलेली कॉलेजं. पोदारने रवी शास्त्री आणि वेंगसरकर दिले. तरी आज कॉलेजच्या क्रिकेट सामन्याला खेळाडूंचे चार मित्र आणि एक किटबॅग सांभाळणारा, एवढाच प्रेक्षकवर्ग. गर्दी गेली कुठे? ती नाट्यगृहात आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांना रुईयाची आणि रुपारेलची पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात, पडदा सरकण्याआधी 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू होतं आणि बाल्कनीतून प्रत्युत्तर येतं. गंभीर रंगकर्मी नाक मुरडतात, नाटकाची काय ही जत्रा केली म्हणून. पण २५ जानेवारीच्या रात्री चतुरंगची 'सवाई' एकांकिका स्पर्धा बघावी. वर्षभरातल्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका एकामागून एक होतात आणि रात्र सरते. स्वतःचा प्रयोग संपवून, चेहऱ्यावर अर्धवट पुसलेला मेकअप घेऊन मुलं दुसऱ्या कॉलेजचं नाटक बघायला परत येऊन बसतात. प्रकाश कुठे अर्धा सेकंद उशिरा आला, सेट बदलताना कुणाचा पाय अडकला, कुठल्या वाक्यावर हशा यायला हवा होता आणि आला नाही, हे त्यांच्याइतकं परीक्षकांनाही दिसत नसेल.

क्रिकेटच्या चाहत्यांनीही हेच करावं, आणि शेजारी नसेल तर शोधावा. तो आता माटुंग्यात नाही, नागपूरला आहे. आचरेकर सरांच्या हाताखाली शिवाजी पार्कवर घडलेल्या चंद्रकांत पंडितने विदर्भाला ओळीने दोन रणजी करंडक जिंकून दिले, आणि जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशचा प्रशिक्षक म्हणून बंगळुरूच्या अंतिम सामन्यात खुद्द मुंबईला हरवलं. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला नमवलं. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत विदर्भाने परतफेड केली आणि करंडकही नेला. त्या मोसमात हर्ष दुबे नावाच्या त्यांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्याचा सरळ आत येणारा चेंडू कसा ओळखायचा यावर अजून भांडणं सुरू झाली नसतील, तर ती लवकर सुरू व्हावीत. मुंबईला त्याच्यासमोर पुन्हा बॅटिंग करायची आहे.